गॉटचे चौऱ्याऐंशी उपयोग

"सर, लग्न झालं तरी गॉट, आन् सुटका झाली तरी गॉट?" अढाऊ बाबूंनी विचारलं. "इंग्रजाले दोन शब्द परवडत नव्हते काय?"

सकाळचे साडेपाच वाजले होते. मी स्टोव्हला पंप मारत होतो आणि अढाऊ बाबू माझ्या खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीच्या शेजारी, सतरंजीवर बसले होते. खुर्ची रिकामीच होती. ती मास्तरांची, म्हणून ते तिच्यावर बसत नसत. आणि वयानं मोठा माणूस खाली बसलेला असताना मीही तिच्यावर बसत नसे. ते पाच महिने ती खुर्ची एकटीच आरामात होती.

"'गॉट मॅरिड' म्हणजे लग्न झालं," मी म्हणालो, "आणि 'गॉट रिड ऑफ' म्हणजे सुटका झाली. गॉटच्या पुढं काय येतं ते बघा."

"ते पाहिलं जी. पन हे दोन्ही एकाच मानसाच्या बाबतीत लिहू काय?"

"वेगवेगळ्या माणसांच्या लिहा."

"हां, मंग ठीक हाय," असं म्हणून त्यांनी दोन्हींची नोंद केली. सव्वीस आणि सत्तावीस.

वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. वय एकतीस, लग्न व्हायचं होतं, आणि आपल्याला इंग्रजी येतं असा माझा समज होता. जनार्दन अढाऊ हे तिथल्या एका सरकारी कचेरीत धाकटे बाबू. कचेरी कोणत्या खात्याची ते सांगत नाही. ते खातं अजून आहे. बावीस वर्षं ते तिथं कारकून होते. कचेरीतून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातचं असे आणि खाली सही बडे बाबूंची. बडे बाबू व्हायचं तर खात्याची परीक्षा पास व्हावी लागे. बाकीच्या पेपरांत अढाऊ बाबू पहिल्याच फटक्यात सुटले होते. इंग्रजीचा पेपर त्यांनी सहा वेळा दिला होता. पंचेचाळीस वर्षं पुरी झाली की परीक्षेला बसता येत नसे, आणि त्यांना फेब्रुवारीत पंचेचाळीस पुरी होत होती. परीक्षा डिसेंबरात. म्हणजे ही सातवी खेप शेवटची.

"सर, मले पगाराचं काही नाही," पहिल्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं. "मले एक डाव सही कराची हाय. आपन लिहिलेल्या कागदाखाली आपली सही. बास."

मी त्यांच्याकडून फी घेत नव्हतो. त्यामुळे मी फार उदार आहे असं मला वाटत असे, आणि दर दोन दिवसांनी वेणूताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पाठवलेला डबा मी त्या उदारपणानंच रिकामा करत असे.

पेपर शंभराचा, पास व्हायला पस्तीस. पहिला प्रश्न सरकारी पत्र, तीस गुण. दुसरा उताऱ्याचा सारांश, वीस. तिसरा भाषांतर, तीस. आणि चौथा प्रश्न त्या खात्याचा खास: क्रियापदाचं एक रूप द्यायचं आणि त्याचे पाच निरनिराळे उपयोग दाखवणारी पाच वाक्यं लिहायला सांगायची. वाक्याला चार गुण, एकूण वीस. हा प्रश्न कोणा साहेबानं इंग्रजांच्या काळात घातला होता. साहेब गेला, राज्य गेलं, प्रश्न राहिला. त्यामुळे खात्यातली माणसं परीक्षेच्या मोसमात पीकपाण्याबद्दल बोलावं तशी क्रियापदांबद्दल बोलत. "अवंदा काय येईल?" "पुट येईल म्हनतात." "पुट मागच्या साली येऊन गेलं." "मंग टेकन."

अढाऊ बाबूंनी चौदा वर्षांचे पेपर जपून ठेवले होते. मी ते पसरून बसलो आणि ज्योतिषानं पत्रिका पाहावी तसा तासभर पाहिल्यावर म्हणालो, "यंदा गॉट."

"कायच्यावरून?"

"चौदा वर्षांत एकदाही आलेलं नाही."

ही कारणमीमांसा मी आजच्या तारखेला कोणासमोर मांडणार नाही. न आलेली रूपं शेकड्यांनी होती. पण अढाऊ बाबूंनी हात जोडले, दुसऱ्या दिवशी एक कोरी नस्ती घेऊन आले, (कचेरीतली माणसं फाईलला नस्ती म्हणतात), तिच्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'विषय: गॉट', आणि कामाला लागले.

पाचच वाक्यं हवी होती. मी दहा सांगणार होतो. पण अढाऊ बाबू सरकारी माणूस. अर्धवट प्रकरण त्यांना हातात धरवत नसे. मिळालं म्हणजे गॉट, आजारी पडलं म्हणजे गॉट, पोचलं म्हणजे गॉट, कळलं म्हणजे गॉट. उठणं, उतरणं, निसटणं, भागवणं, जमवून घेणं, पुढं जाणं, मागं पडणं... रोज सकाळी ते विचारायचे, "अजून हाय काय?" आणि रोज सकाळी मी डिक्शनरी चाळून म्हणायचो, "आहे." नोव्हेंबर संपता संपता आकडा चौऱ्याऐंशीवर गेला.

"चौऱ्याऐंशी लक्ष योनी असतात," ते समाधानानं म्हणाले. "तवढ्या फिराव्या लागत नाहीत म्हना."

त्यांची वाक्यं सुरुवातीला सगळी एकाच जातीची असत. फाईल हरवली. साहेब रागावले. फाईल सापडली. साहेब रजेवर गेले. फाईल परत हरवली.

"अहो, प्रत्येक वाक्यात फाईल कशाला?"

"सर, आमच्याकडं दुसरं काय होत नाही."

"मग घरचं लिहा. खरं घडलेलं लिहिलं की आठवायला सोपं जातं. वाक्य चुकत नाही."

"घरचं परीक्षेत लिहाव?"

"परीक्षकाला काय करायचंय? तो फक्त इंग्रजी बघतो."

त्यांनी मान डोलावली. मला वाटतं त्यांना ते थोडं वावगं वाटलं, पण मास्तर सांगतात म्हटल्यावर त्यांनी पुढची पंचावन्न वाक्यं घरी बसून एकट्यानं लिहिली. मी ती फार बारकाईनं तपासली नाही. वरवर पाहून 'बरोबर आहे, बरोबर आहे' म्हणत गेलो. सकाळची वेळ, शाळेची घाई, शिवाय त्यांचं व्याकरण आता खरोखरच बरं झालं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी अमरावतीची एस. टी. पकडण्याआधी ते पाया पडायला आले. मी मागं सरलो, ते पुढं आले, आणि शेवटी ते माझ्या खुर्चीच्या पाया पडल्यासारखं झालं. मागं वेणूताई उभ्या होत्या. लहानखुऱ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. सहा वर्षं त्या चतुर्थीला पाणीसुद्धा न पिता उपास करत होत्या, तो या पेपरासाठी.

"सर, यायले काही शेवटचं सांगा," त्या म्हणाल्या. "तिथं गेल्यावर हे घाबरतात. पेपर हातात आला का पहिल्या प्रश्नावरच अडून बसतात."

मी विचारी चेहरा केला. "जे येतं ते आधी लिहा," मी म्हणालो. "मन शांत होतं. बाकीचं मग आपोआप येतं."

असा सल्ला प्रत्येक मास्तर देतो. मीही कोणाकडून तरी ऐकला होता.

तिसऱ्या दिवशी मी वर्गावर असताना खिडकीपाशी अढाऊ बाबू दिसले. सरकारी नोकरीतला माणूस कचेरीच्या वेळात शाळेच्या आवारात, तेही पळत! मी बाहेर आलो.

"आला!" ते म्हणाले. "सर, गॉट आला!"

मला क्षणभर माझीच भीती वाटली. मग अभिमान वाटला. वर्गातली पोरं खिडकीला लोंबकळून बघत होती.

"वा! मग काय, पाचही लिहिली ना?"

"पाच?" ते हसले. "चौऱ्याऐंशी लिहिली. एक सोडली नाही. तीन पुरवन्या लागल्या. पर्यवेक्षक माझ्याकडं पाहतच राहिला."

"बाबू," मी म्हणालो, "पाच मागितली होती."

"हो, पाचच मागितली होती."

"मग?"

ते थोडे गोंधळले. एखाद्यानं 'तुम्ही पूर्ण पोशाख करून का आलात' असं विचारावं तसे. "सर, पूर्ण प्रकरन तयार असताना त्यातले पाच कागद कसे पाठवू? बावीस वर्षांत म्या अर्धी नस्ती पुढं पाठवली नाही. वरून परत येते, 'सोबतची सहपत्रे कोठे आहेत' म्हनून."

"आणि बाकीचे प्रश्न?"

"तुमी म्हनाले ते आधी केलं. जे येते ते आधी." त्यांचा आवाज आता जरा खाली आला. "मंग पत्र घेतलं. मायना झाला, दोन परिच्छेद झाले. लय झकास चाललं होतं. घंटा झाली."

आतून पोरांचा गलका येत होता.

"पन चांगला तपासनारा भेटला," अढाऊ बाबू म्हणाले, "तर त्याले समजंल ना, सर? का या मानसाले येते म्हनून?"

"समजेल," मी म्हणालो.

जानेवारीत मला एक मानाचं पत्र आलं. त्या खात्यानं चार जिल्ह्यांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांमधून परीक्षक निवडले होते आणि त्यांत मी होतो. हेडमास्तरांनी ते प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला वाचून दाखवलं. सोबत एक छापील प्रतिज्ञापत्र होतं: 'सदर परीक्षेस बसलेल्या कोणाही उमेदवारास मी शिकवलेले नाही, तसेच कोणीही उमेदवार माझा आप्त नाही.' दुसरा अर्धा भाग खरा होता. पहिल्या भागाबद्दल मी असा विचार केला की, अमरावतीला चार जिल्ह्यांचे साडेचारशे लोक बसले. त्यांचे गठ्ठे सरमिसळ करून वाटणार. त्यातला आपलाच नेमका आपल्याकडे कशाला येईल? शिवाय नाही म्हणून कळवलं असतं तर हेडमास्तरांनी तेही प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं असतं. मी सही केली. माझी सही चांगली आहे, शेवटी एक वळण येतं.

गठ्ठा रजिस्टर पोस्टानं आला. चाळीस पेपर, वर लाखेची मोहोर. रविवारी दुपारी जेवून मी तपासायला बसलो. नावं नव्हती, नुसते बैठक क्रमांक. सोबतच्या सूचना मी दोनदा वाचल्या. त्यातली सहावी अशी होती, की मागितल्यापेक्षा जास्त उत्तरं लिहिली असतील तर क्रमानं पहिली तेवढीच तपासावीत. नववी अशी, की पास झालेला प्रत्येक पेपर मुख्य परीक्षक स्वतः पुन्हा वाचतील. नापास पेपरांबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. ते कोणी पाहत नसे.

एकविसावा पेपर जाड होता.

पुरवण्यांना दोरा घातलेला, पण तो परीक्षेच्या हॉलात घालतात तसा ओबडधोबड नव्हता. डाव्या वरच्या कोपऱ्यात, तिरपा, टोकाला गाठ. नस्तीला घालतात तसा. मी अक्षर पाहिलंच नाही. दोऱ्यावरूनच ओळखलं.

पहिली पाच वाक्यं फायलींची आणि साहेबांची होती. पाचही निर्दोष. वीसपैकी वीस. मी लाल पेनानं आकडा घातला. पत्राचे दोनच परिच्छेद, पण काय परिच्छेद होते! सरकारी इंग्रजीत माणूस इतका नम्र आणि इतका ठाम एकाच वेळी होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. अर्ध्या पत्राचे मी अकरा दिले. सारांश कोरा. भाषांतर कोरं. एकतीस.

चार कमी. एका वाक्याचे गुण. आणि त्याच पेपरात एकोणऐंशी वाक्यं नियमाबाहेर बसली होती.

मग मी ती वाचली. नियमानं वाचायची गरज नव्हती. त्या पाच महिन्यांत मी ती 'बरोबर आहे, बरोबर आहे' म्हणत पाहिली होती, वाचली मात्र त्या रविवारीच.

इंग्रजी साधंच होतं, पाचवीतल्या मुलालाही कळेल असं. माझे वडील पूर्णेच्या पुरात सापडले; गॉट कॉट. आम्हाला त्यांची फक्त छत्री मिळाली, गॉट. माझी बायको उपासांनी वाळत चालली आहे; हॅज गॉट थिन. पंधरा तारखेनंतर आम्ही कसंबसं भागवलं, गॉट बाय. कचेरीतल्या तायड्यांना मी फायलिंग शिकवलं, ते माझ्या पुढं गेले, गॉट अहेड. आमची पहिली मुलगी नुकती चालायला लागली होती, तिला गोवर झाला, गॉट मीझल्स. त्याच्या पुढचंच वाक्य: ती बरी झाली नाही, नेव्हर गॉट वेल. आणि त्याच्या पुढचं: माझी बायको त्यातून सावरली, गॉट ओव्हर इट. आणि त्याच्या पुढचं, गॉटचा नकारार्थी उपयोग दाखवायला म्हणून: मी नाही.

पाच महिने हा माणूस रोज सकाळी माझ्यासमोर बसत होता. त्याला एक मुलगी होऊन गेली होती हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं. मी डिक्शनरी चाळत होतो.

चौऱ्याऐंशीवं वाक्य घाईत लिहिलेलं होतं. आता पत्र लिहायला माझ्याकडे वेळ नाही. हॅव गॉट नो टाइम.

मी पेन उचललं. अकराचे सोळा करायला काय लागतं? एका आकड्याला वळण द्यायचं. आणि ते खोटंही नव्हतं. तसे परिच्छेद त्या गठ्ठ्यात दुसऱ्या कोणाचे नव्हते. कोणी विचारलंच तर म्हणता आलं असतं, अर्धं पत्र आहे, पण सोळाच्या तोडीचं आहे. छत्तीस. पास. मुख्य परीक्षक वाचतील, त्यांनाही पटेल. मी पेन टेकवणार होतो. मग म्हटलं मुख्य परीक्षक वाचणारच आहेत तर आपणही एकदा नीट डोळ्यांखालून घालू, कुठं काही आक्षेपार्ह नको. म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचत गेलो आणि एकसष्टाव्या वाक्यापाशी थांबलो. पहिल्या वेळी ते दोन पानांच्या बेचक्यात, दोऱ्याखाली दडलं होतं.

'हायस्कूलचे श्री. मोहरील सर माझ्यासाठी पाच महिने रोज पाच वाजता उठले. माझ्यासाठी याआधी कोणी उठलं नव्हतं.'

गॉट अप. दोन्ही वाक्यांत. उपयोग अचूक होता.

मोहरील म्हणजे मी.

पानाला शिक्का होता, क्रमांक होता. फाडता येत नव्हतं. शाई सांडता आली असती. मी दौतीकडे पाहिलंही. पण पास झालेला पेपर मुख्य परीक्षकांपुढं जाणार, त्यांच्याकडे माझं प्रतिज्ञापत्र वरच असणार, वळणदार सहीचं, आणि ज्या पानावर शाई सांडली आहे ते पान तर माणूस उजेडात धरून वाचतो. नोकरी गेली असती का? कदाचित नसती. ताकीद आली असती, नाव यादीतून गेलं असतं. हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर काही वाचून दाखवलं नसतं, पण सगळ्यांना कळलं असतं.

नापास पेपर कोणी पाहत नाही.

मी त्या दुपारी पुष्कळ वेळ बसून होतो असं सांगितलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे फार वेळ लागला नाही. चहा ठेवला, प्यालो, आणि पहिल्या पानावरच्या एकूण गुणांच्या चौकटीत एकतीस लिहिलं. मग बाविसावा पेपर घेतला. त्याला मी जरा सढळ हातानं गुण दिले. तो कोण होता कोण जाणे.

त्या महिन्यात अढाऊ बाबू एकदाही माझ्याकडे आले नाहीत. रस्त्यात दिसले तर लांबूनच हात जोडून दुसऱ्या बाजूनं निघून जात. डबाही बंद झाला. मला वाटलं, पेपर बिघडला म्हणून माझ्यावर रुसले असतील. त्या विचारानं मला थोडं बरंच वाटलं. रुसलेल्या माणसाशी वागणं सोपं असतं.

निकाल मार्चमध्ये लागला. दुसऱ्याच सकाळी, साडेपाचला, दार वाजलं. अढाऊ बाबू होते. हातात डबा. ते आत आले आणि नेहमीच्या जागी, सतरंजीवर बसले. पंचेचाळीस पुरी होऊन त्यांना तीन आठवडे झाले होते.

"नाही झालं, सर," ते म्हणाले.

"कळलं मला."

"वेनूनं उपास सोडला काल. म्हटलं, सोड आता. सहा वर्षांनी चतुर्थीच्या दिवशी दुपारी जेवली बिचारी. तिले जात नव्हतं." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "तुमाले आलू-वांग्याची भाजी हाय."

"बाबू, माझंच चुकलं. मी जे सांगितलं..."

"छा! तुमचं काय चुकलं? तुमी गॉट सांगतला, गॉट आला. चौदा वर्षांत कोनाले सांगता आलं नव्हतं. कचेरीत तायडे बाबू पन म्हनाले, मोहरील सर म्हंजे मानूस हाय. म्याच पाचाच्या जागी..." ते थांबले. मग जरा हसले. "मी इतके दिवस आलो नाही, तुमाले राग आला असंल."

"नाही. मला वाटलं तुम्हीच रागावलात."

"राग कायचा जी? गठ्ठा आला तव्हा मी पोस्टातच होतो. डाक टाकायले गेलतो. लाखेवरची मोहोर आमच्या खात्याची, ते मी ओळखनार नाही? बावीस वर्षं मीच ठोकतो ना ती. पोस्टमनले इचारलं, कोनाचं? तं म्हने मोहरील सरांचं." त्यांनी आवाज खाली केला, जणू ते अजूनही गुपित होतं. "मंग ठरवलं, या गल्लीत पाय ठेवाचा नाही. लोक म्हनतील, अढाऊ बाबू चकरा मारते. तुमच्यावर बालंट नको."

मी स्टोव्हपाशी गेलो. पंप मारला. तो आधीच भरलेला होता.

"एक गोष्ट सांगू, सर? हसू नका."

"सांगा."

"त्या महिन्यात मी रोज मारुतीले जात होतो. पास कर असं नाही म्हटलं. सहा डाव म्हनून पाहिलं होतं, त्याले तरी किती सांगाव. एवढंच म्हटलं, का माझा पेपर त्या गठ्ठ्यात असू दे. वेनूले म्हटलं, सरांच्या हाती पडला तं सर ओळखतील. सर वाचतील सगळं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. मी तो शोधला. मला तो हवा होता. "नव्हता ना जी, माझा पेपर तुमच्याकडं?"

बाहेर नळाला पाणी आलं होतं आणि बायकांची भांडी वाजायला लागली होती.

"नव्हता," मी म्हणालो.

ते उठले, धोतर झटकलं, आणि जाता जाता माझीच समजूत घातल्यासारखं म्हणाले, "मीही वेनूले तेच सांगतलं. नशीब, सर. आपलं दुसऱ्या गठ्ठ्यात गेलं."